जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही आणि फाइल्स आत अडकल्या आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर सुरूच होत नाही. म्हणजे आतलं सगळं गेलं का?

बहुतेक वेळा नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण खरं नुकसान पुष्कळदा बिघाडानंतरच्या घाईत होतं. आपल्या फाइल्स हार्ड डिस्कवर असतात आणि हार्ड डिस्क हा त्या डब्यातला एक सुटा भाग आहे. वीजपुरवठा, रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी), मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) यांपैकी काहीही बिघडलं तरी कॉम्प्युटर मुका होतो, पण डिस्क आत धडधाकट असते. चार स्क्रू काढले की ती बाहेर येते आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते.

त्यामुळे कामं दोन आहेत: फाइल्स वाचवणं आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणं. पहिलं उरकल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. खाली कॉम्प्युटर सुरू करण्याचे उपायही दिले आहेत, पण तेही एवढ्यासाठीच की एकदा सुरू झाला तर कॉपी करून घेता यावं.

मग काय करू नये?

पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. विंडोज नव्याने टाकू नका. डिस्क जोडल्यावर ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश आला तर नाही म्हणा. चेकडिस्क चालवायचा मोह होतो, तोही आवरा. तो प्रोग्राम फाइल्सची रचना ‘दुरुस्त’ करताना डिस्कवर लिहितो, आणि डिस्क आजारी असेल तर त्या लिहिण्यातच मजकूर जातो.

माझ्या आत्याने निवृत्तीनंतर रोज थोडं थोडं करत आपल्या आठवणी टाइप केल्या होत्या. एक दिवस कॉम्प्युटर अडला. दुरुस्तीला दिला, दोन दिवसांत अगदी नव्यासारखा होऊन परत आला, आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ उघडलं तर रिकामं. दुरुस्ती करणाऱ्याने विचारलं नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं. त्याने विंडोज टाकलं, काम संपलं. त्यातला जवळपास निम्मा मजकूर पुढे मला परत मिळाला; तो कसा, ते खाली येईलच.

तेव्हापासून माझा एकच आग्रह असतो: कॉम्प्युटर कुणाकडे द्यायचा असेल तर डिस्क काढून घरी ठेवा. वीजपुरवठा, रॅम आणि बोर्ड तपासायला डिस्क लागत नाही.

बटण दाबलं तर काहीच हालचाल होत नाही. दिवा नाही, पंखा नाही.

वीज कुठपर्यंत पोचते आहे ते बघत जायचं. आधी सॉकेटमध्ये दुसरं एखादं उपकरण लावून बघा. मग पॉवर केबल बदला; मॉनिटरची केबल बऱ्याचदा तशीच असते, ती लावून चालते. डब्यामागे एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीचं, स्वतःचं छोटं बटण असतं, ते साफसफाईत बंद झालेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. जुन्या एसएमपीएसवर लाल रंगाचं व्होल्टेजचं सरकबटणही असतं. ते आपल्याकडच्या विजेशी जुळतंय ना, ते बघा, आणि केबल लावलेली असताना ते हलवू नका.

आता केबल काढून झाकण उघडा. आतल्या उघड्या धातूला हात टेकवा म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. केबल पुन्हा लावल्यावर मदरबोर्डवर बारीक दिवा लागतो का ते पाहा (सगळ्या बोर्डांवर तो नसतो). दिवा लागला आणि बटणाने काही होत नसेल, तर बटणच खराब असू शकतं. डब्याच्या पुढच्या बटणापासून दोन तारा येऊन बोर्डवरच्या दोन पिनांवर बसतात, त्यांच्यावर ‘पॉवर स्विच’ असं लिहिलेलं असतं. तो जोड काढून त्या दोन पिनांना एकाच वेळी स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखे फिरले तर तुमचा सगळा आजार त्या बटणात होता.

एसएमपीएसचा संशय असेल तर तो वेगळा तपासता येतो. केबल काढा, मदरबोर्डला जाणारा २४ पिनांचा मोठा जोड (फार जुन्या बोर्डांवर तो २० पिनांचा असतो) काढा, त्यातली हिरवी तार आणि शेजारची कोणतीही काळी तार कागदाच्या क्लिपने जोडा, आणि मगच वीज द्या. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट यायला हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतं. १२ च्या जागी १०.८ येत असतील तर पंखे फिरतीलही, पण कॉम्प्युटर उठेलच असं नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. वीज काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांमध्ये) जिवाला धोका होईल इतका भार राहू शकतो.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते.

मॉनिटरची केबल बरोबर जागी आहे का बघा. वेगळं डिस्प्ले कार्ड असेल तर केबल कार्डाला हवी, बोर्डाला नको.

ते ठीक असेल तर माझा हात आधी रॅमकडे जातो. वर्षानुवर्षं न हललेल्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतो आणि संपर्क तुटतो. वीज काढा, दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कड्या दाबून रॅम उचला आणि पट्ट्यांवरून साधं पांढरं खोडरबर एकाच दिशेने हलकेच फिरवा. रबराचे कण पूर्ण झटका, खाचेत एकही पडू देऊ नका. परत बसवताना दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. कड्या ‘खट्ट’ आवाज करत आपोआप मिटल्या पाहिजेत. एक कडी अर्धवट राहिली तर सगळी मेहनत वाया. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, आणि खाचाही बदलून बघा.

बोर्डला छोटा स्पीकर असेल तर तो बीप वाजवून बोलतो. बीपचे अर्थ बायोसच्या (बोर्डमधल्या, विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून बीप मोजा आणि बोर्डच्या पुस्तिकेत बघा. रॅम पूर्ण काढून सुरू केल्यावर बीप ऐकू आले, तर प्रोसेसर आणि बोर्ड निदान विचार करत आहेत असं समजा.

मदरबोर्डवरचे काही दंडगोल वरून फुगलेले दिसतात.

ते कपॅसिटर आहेत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत सदोष कपॅसिटर फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले होते. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी द्रव बाहेर आलेला दिसला की त्या बोर्डवर वेळ घालवू नका. डिस्क काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा.

दरवेळी तारीख चुकीची दाखवतो आणि निळी स्क्रीन येते. डिस्क गेली का?

हा प्रश्न मला आवडतो, कारण यात डिस्क निर्दोष सुटण्याची शक्यता चांगली असते. बोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२ नावाची, ३ व्होल्टची. ती संपली की बायोस आपल्या सेटिंग्ज विसरतो. त्या सेटिंग्जमध्ये डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं हेही असतं: आयडीई की एएचसीआय. पद्धत बदलली गेली की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि शेवटी ‘७बी’ असलेला कोड दाखवत निळी स्क्रीन येते. बॅटरी बदला, सुरू होताना स्क्रीनवर सुचवलेली कळ दाबून बायोसमध्ये जा आणि तिथे साटाची (डिस्कच्या जोडाची) पद्धत दुसरी करून बघा. न जमल्यास होती तशी परत ठेवा.

कंपनीचं चिन्ह दिसतं आणि मग ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो.

बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. नाव दिसत असेल तर सुरू होण्याचा क्रम बदललेला असू शकतो, किंवा एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलेला असू शकतो. नाव दिसत नसेल तर डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा बसवा, डेटा केबल बदलून बघा. तरीही नाव नाही आणि हाताला डिस्कची थरथरही जाणवत नाही, तर डिस्कचाच बिघाड असू शकतो.

विंडोज सुरू होता होता अडकतं. त्यात न शिरता फाइल्स काढता येतात का?

येतात. घरबसल्या करता येणारा हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) डाउनलोड करून ते पेन ड्राइव्हवर चढवायचं आणि जुना कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. लिनक्स रॅममध्ये चालतं. तुमच्या डिस्कवर आपणहून काही टाकत नाही. फक्त ‘इन्स्टॉल’ कधीही निवडू नका, ‘ट्राय’ निवडा.

लिनक्स मिंट किंवा उबुंटू बऱ्याच कॉम्प्युटरवर चालतं. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मात्र चालणार नाही, कारण उबुंटूने २०१७ पासून ३२ बिटची डेस्कटॉप आवृत्ती देणं थांबवलं. अशा कॉम्प्युटरसाठी अँटीएक्सची ३२ बिट आवृत्ती हलकी आणि बरी पडते. फार जुना कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाही, त्याला डीव्हीडी लागते.

सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी लागते: कंपनीनुसार एफ१२, एफ११, एफ९, एफ८ किंवा एस्केप. डेस्कटॉप दिसला की फाइल मॅनेजरमध्ये डाव्या हाताला तुमची डिस्क असेल. तिच्यावर क्लिक करा, फोल्डर उघडा आणि बाहेरून लावलेल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज नीट बंद झालं नसेल तर लिनक्स डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. आपल्याला तेवढंच हवं आहे.

दोन अडचणी हमखास येतात. बाहेरची डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. आणि कॉम्प्युटर यूएसबी १.१ च्या, म्हणजे जुन्या संथ यूएसबीच्या काळातला असेल तर एक जीबीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. अशा वेळी डिस्क काढून दुसरीकडे जोडणंच शहाणपणाचं.

डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला कशी जोडायची?

आधी जोड ओळखा. रुंद, दोन ओळींत ४० पिना असतील तर ती आयडीई डिस्क. दोन चपटे, इंग्रजी एल आकाराचे जोड असतील, एक ७ आणि एक १५ संपर्कांचा, तर ती साटा. जुन्या लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला ४४ बारीक पिना असतात. हे सगळे जोड असलेला यूएसबी अडॅप्टर मिळतो, तो घ्या.

घेताना त्याच्यासोबत वेगळा वीजपुरवठा आहे ना, एवढं बघा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात. ते न मिळाल्यामुळे गप्प बसलेली चांगली डिस्क ‘मेली’ म्हणून टाकून दिल्याचं मी पाहिलं आहे. आयडीई डिस्क दिसत नसेल तर मागचा इवलासा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) ‘मास्टर’वर आहे का तेही बघा, जागा डिस्कवरच्या चिठ्ठीवर छापलेली असते. डिस्क फिरत असताना हलवू नका.

डिस्क दिसते, पण फोल्डर उघडायला परवानगी नाही म्हणतो.

जुन्या विंडोजमधल्या युजरच्या नावावर ते फोल्डर आहे, म्हणून. नव्या कॉम्प्युटरवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘कंटिन्यू’ करता येतं, किंवा लिनक्समधून उघडलं तर हा अडथळाच येत नाही. डिस्क कुलूपबंद असेल तर गोष्ट वेगळी: बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं कुलूप) असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. ती बऱ्याचदा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, तिथे आधी शोधा.

डिस्कमधून टकटक, करकर असा आवाज येतो.

लगेच बंद करा. डिस्कच्या तबकडीवरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर उंचीवरून फिरत असतं. ते तबकडीला घासू लागलं तर प्रत्येक फेरी मजकूर खरवडून काढते. ‘एकदाच बघू’ म्हणून पुन्हा लावू नका. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तो मानू नका. बाहेर काढल्यावर आत पाण्याचे कण धरतात. डिस्कचं झाकण घरी उघडायचं नाही, धुळीचा एक कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. मजकूर मोलाचा असेल तर स्वच्छ कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच न्या.

आवाज नाही पण डिस्क अतिशय मंद आहे, कॉपी मध्येच थांबते, अशी स्थिती असेल तर आधी डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, वाचा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो तो दाखवतं. ‘पेंडिंग’ किंवा ‘रीअलोकेटेड’ सेक्टरचे (वाचता न येणाऱ्या किंवा बदललेल्या कप्प्यांचे) आकडे शून्याच्या वर आणि वाढत असतील तर एकेक फाइल ओढत बसू नका. लिनक्समधलं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या जागांवर परत येतं. नोंदीची मॅप फाइल ठेवायला सांगितली तर मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. मूळ डिस्क आणि प्रत यांची नावं देताना दोनदा तपासा. ती उलटी पडली तर मूळ डिस्कच पुसली जाते.

नेमक्या कोणत्या फाइल्स शोधायच्या?

विंडोज एक्सपीमध्ये सी ड्राइव्हवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’, विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘युजर्स’. त्यात आपल्या नावाचं फोल्डर अख्खं उचला, निवडत बसू नका. डेस्कटॉपवरच्या फाइल्स त्यातच असतात. लपवलेली फोल्डर्सही दिसू द्या: आउटलुकची पीएसटी फाइल आणि आउटलुक एक्सप्रेसच्या डीबीएक्स फाइल्स, म्हणजे सगळी जुनी पत्रं, अशाच लपवलेल्या जागी असतात. टॅलीचा डेटा वेगळ्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये, आकड्यांच्या नावाने असतो. डी आणि ई ड्राइव्ह विसरू नका.

आणि मराठीत काम केलेलं असेल तर विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर न चुकता घ्या. का, ते पुढच्या प्रश्नात.

फाइल मिळाली, पण उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.

फाइल खराब झालेली नाही, तिला हात लावू नका. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ओळख देणारी आजची पद्धत) रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतीदेव अशा व्यवस्थांत टाइप करत होतो. त्यांत आत साठवली जायची ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची जागा. तिथे कोणतं मराठी रूप दिसायचं ते फॉन्ट ठरवायचा. फॉन्ट नाही, तर मराठीही नाही.

आत्याची पहिली फाइल उघडली तेव्हा असंच झालं. पानभर डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरं. ती शेजारी बसली होती, काही बोलली नाही. पूर्वी घेतलेल्या एका सीडीवर तिच्या कॉम्प्युटरची फॉन्ट्स निघाली, ती बसवली, फाइल पुन्हा उघडली, आणि पहिली ओळ वाचता आली: तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची.

म्हणून आधी मूळ फॉन्ट बसवा, फाइल उघडून लगेच पीडीएफ करून ठेवा. मग युनिकोडमध्ये रूपांतर करा. रूपांतर करणारा प्रोग्राम नेमक्या त्याच फॉन्टसाठी हवा, कारण प्रत्येकाच्या जागा वेगळ्या. नंतर डोळ्यांनी वाचावं लागतंच: रफार भलत्या अक्षरावर बसतो, आणि पहिली वेलांटी, जी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होत असे, ती शेजारच्या अक्षराला चिकटते. मूळ फाइल आणि फॉन्ट कायम जपा.

डिस्क फॉरमॅट झाली, किंवा विंडोज आधीच नव्याने टाकलं गेलं. आता काही होईल का?

आशा आहे, पण त्या डिस्कवर यापुढे काहीही लिहू नका, ब्राउझरही उघडू नका. आधी सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर आहे का बघा. असलं तर जुन्या फाइल्स त्यात मिळू शकतात, आणि विंडोज ते काही दिवसांनी आपणहून पुसतं. नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि टेस्टडिस्क व फोटोरेक ही मोफत साधनं वापरा. मिळालेलं सगळं दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. फोटोरेक फाइल्स शोधून देतं, पण नावं आणि फोल्डर गमावून. आत्याच्या बाबतीत अनोळखी क्रमांकांच्या हजारो फाइल्स मिळाल्या. त्यांतल्या वर्ड फाइल्स एकेक उघडून आम्ही तिची पानं वेगळी केली.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर ही आशा फार कमी. ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेल्या जागा आतून खरोखरच मोकळ्या केल्या जातात.

लॅपटॉपसाठी काही वेगळं?

चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा आणि फक्त चार्जरवर सुरू करून बघा. स्क्रीन काळी असेल तर टॉर्च तिरका मारा; पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे, बाहेरचा मॉनिटर लावून काम होईल. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू किंवा टोचू नका, आणि तो लॅपटॉप चार्जही करू नका. जुन्या इंटेल मॅकमध्ये सुरू करताना टी कळ दाबून ठेवली तर तो दुसऱ्या मॅकला बाहेरच्या डिस्कसारखा दिसतो.

फाइल्स मिळाल्या. जुनी डिस्क पुसून टाकू का?

इतक्यात नको. कॉपीमधल्या फाइल्स खरंच उघडून बघा: काही फोटो पूर्ण आकारात, व्हिडिओ मधूनच, जुन्यातल्या जुन्या फाइल्स आवर्जून. ज्यांच्या त्या फाइल्स आहेत त्यांना शेजारी बसवा. काय राहिलं ते त्यांनाच आठवतं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून वेगळ्या घरात ठेवा. जुनी डिस्क स्थिर वीज अडवणाऱ्या पिशवीत घालून, वर नाव आणि तारीख लिहून काही महिने ठेवून द्या. मगच, यंत्र कुणाला द्यायचं असेल तर, संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहून ती पुसा. नुसतं फॉरमॅट पुरत नाही; आत्याची पानं फॉरमॅट झालेल्या डिस्कवरूनच मिळाली होती.